चालती भिंत आणि तीस सेकंदांची जाहिरात

प्रवरेच्या कांठीं नेवासें म्हणून एक जुनें गांव आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं तेथें एका खांबाला टेकून गीतेवरील आपली टीका सांगितली, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. आणि तो खांब आजही तेथें भाविकांना दाखविला जातो. नेवासें ज्या जिल्ह्यांत आहे तो जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या अहमदनगर या नांवानें ओळखला गेला. २०२४ सालापासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे.

ज्ञानेश्वरांचें नांव निघालें कीं लहान मुलांना प्रथम आठवते ती चालती भिंत. वाघावर बसून आणि हातांत सापाचा चाबूक घेऊन चांगदेव भेटीस येतात, आणि आळंदीस भिंतीवर बसलेलीं चारी भावंडें त्या भिंतीसह त्यांना सामोरीं जातात. आजीनें ही गोष्ट नातवंडांना सांगितली तर भिंत चालविण्याचे तिला कांहींच सायास पडत नाहींत. भिंत चालूं लागली असें तिनें म्हटलें कीं ती चालूं लागते; उरलेलें काम ऐकणाऱ्याची कल्पनाशक्ति करते. चित्रपट काढणाऱ्याला मात्र हें सुख नाहीं. त्याला भिंत उभारावी लागते, तीवर माणसें बसवावीं लागतात, आणि मग ती चालवूनही दाखवावी लागते. शिवाय पाहणारा मोठा चिकित्सक असतो. भिंतीखालचें चाक दिसलें, किंवा भिंत कापडासारखी लहरली, तर भक्तिरस बाजूस राहतो आणि थिएटरांत हंशा पिकतो.

हें धाडस पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें १९४० सालीं ‘संत ज्ञानेश्वर’ या बोलपटांत केलें. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल. दोघेही बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं कोल्हापुरास तयार झालेले कलावंत. ज्ञानेश्वरांची भूमिका केली ती शाहू मोडक यांनीं. योगायोग असा कीं, ज्या जिल्ह्यांत ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरीं, नगरास, १९१८ सालीं एका ख्रिस्ती कुटुंबांत मोडकांचा जन्म झाला होता. पुढें अनेक चित्रपटांत त्यांनीं श्रीकृष्ण साकार केला, आणि घरोघरच्या भाविकांनीं तो आपला मानला.

जें प्रत्यक्ष घडलें नाहीं तें डोळ्यांदेखत घडल्यासारखें दाखविण्याच्या या विद्येला त्या काळीं ट्रिक फोटोग्राफी म्हणत. हल्लीं तिला व्हीएफएक्स म्हणतात. पूर्वीं ती देवादिकांच्या चित्रपटांतून वर्षांतून एखाद वेळीं भेटे. आज ती अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातींतून रोज संध्याकाळीं दिवाणखान्यांत येते. या विद्येची आंखणी कशी होते, ती काम कशी करते, आणि तिनें कोठें थांबावें, एवढ्याच तीन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

या विद्येचा आपल्याकडील एक आरंभींचा धडा एका कुंडींत गिरविला गेला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. चित्रकला, छायालेखन, छपाई यांबरोबर त्यांनीं जादूचे प्रयोगही आत्मसात केले होते. १९१२ सालीं ते विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपट काढावयास भांडवल हवें, आणि हिंदुस्थानांत चित्रपट निघूं शकेल यावर भांडवलवाल्यांचा विश्वास नव्हता. तेव्हां फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का केला, आणि अंकुर वाढत असतां दिवसांमागून दिवस त्याचीं एकेक करून चित्रें टिपलीं. मूकपटाच्या काळीं सेकंदाला सुमारें १६ चित्रें पडद्यावरून सरकत. म्हणजे एका मिनिटाच्या खेळाला ९६० चित्रें झालीं. जी वाढ व्हावयास कित्येक दिवस लागले ती पडद्यावर पाहतां पाहतां झाली. माती फोडून कोंब वर आला, पानें उलगडलीं, वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ या नांवानें ही चित्रफीत ओळखली जाते. ती पाहून भांडवल देणारा पुढें आला, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या छोट्या प्रयोगांत सर्व विद्येचें बीज आहे. कॅमेरा तसूभर हलला असता तर रोप पडद्यावर थरथरलें असतें. प्रकाश रोज निराळा पडता तर चित्र लुकलुकलें असतें. दिवसाला किती चित्रें घ्यावयाचीं याचा हिशेब आधीं केला नसता तर रोप धक्के खात वाढलें असतें. म्हणजे चमत्कार पडद्यावर दिसण्यापूर्वीं तो वहींत गणितरूपानें सिद्ध झालेला असावा लागतो. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ही चित्रफीत म्हणजे एका अर्थीं जाहिरातच होती. विकावयाची वस्तु होती फाळक्यांचें कसब, आणि ती फीत हाच त्या कसबाचा पुरावा. युक्ति होती, पण खोटेपणा नव्हता. रोप खरोखर वाढलें होतें. फाळक्यांनीं फक्त काळ आंखडला होता. हा भेद पुढें फार उपयोगी पडणार आहे.

दुसरा धडा शाहू मोडकांच्याच नांवाशीं निगडित आहे. ‘संत ज्ञानेश्वर’च्या सात वर्षें आधीं, १९३३ सालीं, ते ‘औट घटकेचा राजा’ या बोलपटांत झळकले. ‘आवारा शहजादा’ हें त्याचें हिंदी रूप. सारख्या चेहऱ्याचे राजपुत्र आणि रंक, अशा दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. हिंदुस्थानी बोलपटांतील पहिली दुहेरी भूमिका म्हणून तिचा उल्लेख केला जातो. एकच नट एकाच चौकटींत दोन ठिकाणीं उभा कसा राहतो?

अशा दृश्यांसाठीं त्या काळीं जी रीत रूढ होती ती सांगण्यास सोपी आणि करण्यास अवघड आहे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढें काळी पट्टी अशी बसवावयाची, कीं चित्राचा उजवा अर्धा भाग झांकला जावा. नट डाव्या बाजूस उभा राहून राजपुत्राचें काम करतो. मग तीच फिल्म अंधारांत, चित्रें मोजून, जेथून सुरुवात झाली त्याच ठिकाणीं परत गुंडाळून आणावयाची. आतां डावा भाग झांकावयाचा, नटानें वेष बदलून उजवीकडे यावयाचें, आणि त्याच फिल्मवर रंकाचें काम करावयाचें. धुवून काढल्यावर एकाच फिल्मवर दोघे समोरासमोर उभे!

यांत चुकण्याच्या जागा किती, तें पाहावें. दोन्ही वेळां कॅमेरा जागचा हलतां कामा नये. पट्टीची कड जेथें येते ती रेघ खांबाच्या, दाराच्या किंवा पडद्याच्या चुणीवर आणून लपवावी लागते. सूर्यप्रकाशांत काम चालू असेल तर मधल्या वेळांत सावल्या सरकतात, आणि एकाच अंगणांत सकाळ व दुपार शेजारीं शेजारीं दिसूं लागते. नटाचा हात चुकून रेघेपलीकडे गेला तर तो मनगटापासून तुटल्यासारखा दिसतो. बोलपटांत तर आणखी एक पेंच. समोर कोणी नसतां संवाद बोलावयाचा, आणि जो दुसरा अजून आलेलाच नाहीं त्याच्या उत्तरापुरती शांतता मनांत मोजून सोडावयाची. नजरही नेमकी त्या दुसऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर खिळली पाहिजे. ती वीतभर वर गेली तर राजपुत्र रंकाशीं न बोलतां त्याच्या फेट्याशीं बोलतो असें वाटतें. म्हणून अशा दृश्यांत यंत्राइतकेंच नटाचें अवधान महत्त्वाचें असतें. कुशल दिग्दर्शक असें दृश्य सबंध चित्रपटांत दोनचारदांच योजतो. इतर ठिकाणीं पाठमोरा दुसरा माणूस उभा करून काम भागवितो. दोनदां पूर्ण खात्री पटलेला प्रेक्षक तिसऱ्या वेळीं पुरावा मागत नाहीं.

तिसरा धडा भिंतीचा. अशी भिंत चालविण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, भिंत हलक्या लाकडाची व प्लास्टरची करून खालीं छपविलेल्या गाड्यावर बसवावयाची आणि ती खरोखर ढकलावयाची. दुसरा, भिंत जागचीच ठेवून तिच्यामागचें जग हलवावयाचें. म्हणजे मागें मोठा पडदा लावून त्यावर सरकणारीं झाडें, डोंगर, ढग पाठीमागून प्रकाशयंत्रानें टाकावयाचे. पहिल्या मार्गांत हालचाल खरी, पण वजन खोटें. दुसऱ्यांत भिंत भक्कम, पण वारा खोटा. जें खोटें असेल त्याची भरपाई निराळ्या उपायांनीं करावी लागते. हलकी भिंत जड भासावी म्हणून ती एकदम सुटूं द्यावयाची नाहीं. आधीं कण्हल्यासारखी हादरावी, बुडाशीं माती उखडावी, धूळ उडावी, मग हळूहळू गति यावी. स्थिर भिंत चालती भासावी म्हणून बसलेल्यांचीं वस्त्रें व केंस मागें उडाले पाहिजेत, आणि सावल्या जमिनीवरून सरकल्या पाहिजेत.

मुख्य वस्तूपेक्षां तिच्या भोंवतींच्या किरकोळ खुणांवर डोळा अधिक विश्वास ठेवतो, हें या विद्येचें मर्म आहे. भिंत चालते कीं नाहीं हें कोणी तपासूं शकत नाहीं, कारण चालती भिंत कोणींच पाहिलेली नाहीं. पण धूळ कशी उडते, पदर कसा फडफडतो, सावली कोठें पडते, हें प्रत्येकानें जन्मभर पाहिलेलें असतें. तेथें चूक झाली तर मुलालाही कळते.

आतां दिवाणखान्यांतील पडद्याकडे वळावें. हिंदुस्थानांत दूरचित्रवाणीचा प्रारंभ दिल्लीस १९५९ सालीं झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आणि १९७६ पासून दूरदर्शननें जाहिराती घेण्यास आरंभ केला. १९८२ सालीं पडदा रंगीत झाला. तेव्हांपासून ट्रिकच्या विद्येला एक नवा धनी मिळाला, आणि तो धनी मोठा घाईचा आहे. चित्रपटाला दोन अडीच तास मिळतात. जाहिरातीला बहुधा तीस सेकंद. आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या सेकंदाला २५ चित्रें या हिशेबानें तीस सेकंदांचीं ७५० चित्रें होतात. तेवढ्यांत गोष्ट सांगावयाची, वस्तु दाखवावयाची, नांव ठसवावयाचें, आणि चमत्कारही करावयाचा.

कल्पना करावी कीं, ठिबक सिंचनाच्या नळ्यांची एक जाहिरात करावयाची आहे, आणि तिच्यासाठीं पारनेर तालुक्यांतील एक शेत निवडलें आहे. हा भाग पर्जन्यछायेंतला. उन्हाळ्यांत भेगाळलेली जमीन तेथें मुद्दाम शोधावी लागत नाहीं. जाहिरातींत असें दाखवावयाचें आहे कीं, शेतकरी नळ्या अंथरतो, पाण्याचा पहिला थेंब मातींत पडतो, आणि त्या थेंबापासून हिरवळ लाटेसारखी पसरत जाऊन सहा सेकंदांत सारें शिवार पिकानें डोलूं लागतें. सहा सेकंद म्हणजे १५० चित्रें. त्या १५० चित्रांसाठीं कित्येक आठवड्यांचें काम पुढें उभें राहतें.

पहिलें काम कागदावरचें. दिग्दर्शक आणि ट्रिकच्या दृश्यांवर देखरेख ठेवणारा तज्ज्ञ असे दोघे एकत्र बसून प्रत्येक दृश्याचें रेखाचित्र काढवून घेतात. या चित्रमालिकेला स्टोरीबोर्ड म्हणतात. प्रत्येक चौकोनाखालीं तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: खरें काय टिपावयाचें, संगणकावर काय घडवावयाचें, आणि दोहोंचा सांधा कोठें येणार. शेतकरी खरा, नळी खरी, थेंब खरा, भेगाळलेली जमीनही खरी. पसरणारें पीक तेवढें कृत्रिम. जितकें खरें टिपतां येईल तितकें टिपावें, हा जुन्या स्टुडिओंतला नियम आजही मोडलेला नाहीं. त्यानंतर ती सर्व रेखाचित्रें प्रत्यक्ष वेळेच्या मापानें एकामागून एक लावून पाहतात. सहा सेकंद पुरतात कीं नाहीं हें तेथेंच कळतें. आणि कागदावरची चूक रबरानें पुसतां येते, शेतावरची पुसावयास मात्र पुनः सारा लवाजमा पारनेरास न्यावा लागतो.

दुसरें काम शेतावरचें. तेथें कॅमेऱ्याची उंची, भिंगाचें माप, शेतकऱ्यापासूनचें अंतर, दिवसाची वेळ हें सर्व वहींत टिपून घेतात. बांधावर ठरावीक अंतरावर लहान खुणा ठेवतात, म्हणजे कॅमेरा कसा फिरला हें पुढें संगणकाला त्या खुणांवरून काढतां येतें. एक चकचकीत गोळा व एक करड्या रंगाचा गोळा शेतांत धरून त्यांचीं चित्रें घेतात. बघणाऱ्या गांवकऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. पण चकचकीत गोळ्यांत चहूंकडचें आकाश उमटतें आणि करड्या गोळ्यावर उजेड व छाया स्पष्ट दिसतात, त्यामुळें पुढें घडविलेल्या पिकावर प्रकाश नेमका त्याच दिशेनें टाकतां येतो. शेवटीं शेतकऱ्याला बाजूस करून नुसत्या शेताचेंही एक चित्र घेऊन ठेवतात. कोठें कांहीं पुसावें लागलें तर त्याखालीं लावावयास हें ठिगळ कामीं येतें.

शेतकरी निराळा टिपून मागाहून दुसऱ्या दृश्यांत बसवावयाचा असेल तर त्याच्यामागें एकरंगी पडदा लावतात. बहुधा हा पडदा हिरवा असतो, कारण माणसाच्या कातडींत हिरवी छटा फारशी नसते आणि आजचे कॅमेरे तो रंग सर्वांत चोख टिपतात. संगणक हिरवा भाग गाळून टाकतो आणि माणूस तेवढा शिल्लक राहतो. पण या जाहिरातींत पीकच हिरवें! शेतकऱ्याच्या हातांत खरें रोप द्यावयाचें असेल तर पडद्याबरोबर तेंही गळून जाईल. म्हणून येथें निळा पडदा लागतो. अशी लहानशी गोष्ट आधीं सुचली नाहीं तर एक दिवस आणि हजारों रुपये मातींत जातात.

तिसरें काम संगणकाचें. प्रथम एक रोप घडवितात, मग त्याचे दहापंधरा निरनिराळे नमुने करतात, कारण सारींच रोपें एकसारखीं असलीं तर शेत शेत न वाटतां रुजाम्यासारखें वाटतें. प्रत्येक रोप किंचित् निराळ्या क्षणीं उगवतें, किंचित् निराळें वाकतें. वाऱ्याची दिशा शेतकऱ्याच्या सदऱ्याच्या फडफडण्याशीं जुळवितात. मग खऱ्या चित्रावर पीक, पिकाखालीं सावली, पानांमधून उडणारी थोडी धूळ, असे थर एकावर एक चढवितात, आणि शेवटीं सर्वांवर एकच रंगछटा देतात, म्हणजे सांधा दिसत नाहीं. मोडकांच्या काळीं सांधा खांबाआड लपवीत. आज तो रंगांत विरवितात. साधन बदललें, पण कॅमेऱ्याची स्थिरता, प्रकाशाची दिशा, सावलीची जागा आणि नजरेची रोख हे चार प्रश्न जागचे जागींच आहेत.

येथवर सर्व कौतुकाचें झालें. पण ही जाहिरात पारनेरांतल्याच एखाद्या घरीं जेव्हां पाहिली जाईल, तेव्हां काय होईल? तेथें बसलेला शेतकरी चित्रपट पाहत नसतो. तो नळ्या घ्याव्या कीं नाहीं याचा विचार करीत असतो, आणि त्यासाठीं कदाचित् कर्ज काढणार असतो. सहा सेकंदांत पीक येत नाहीं हें त्याला कोणाहून अधिक ठाऊक आहे. तेवढ्यानें तो फसणार नाहीं. परंतु नळीच्या तेवढ्याच पाण्यावर तेवढेंच पीक, तितकेंच दाट, बांधापासून बांधापर्यंत उभें राहतें, असें जर त्या चित्रानें त्याच्या मनावर ठसविलें, तर ती अतिशयोक्ति उरत नाहीं. ती साक्ष होते. आणि साक्ष खोटी असेल तर तिची किंमत त्याला हप्त्यांनीं फेडावी लागते.

फाळक्यांच्या कुंडींतला कोंब आणि या जाहिरातींतला कोंब पडद्यावर अगदीं सारखे दिसतात. एक मातींतून आला, दुसरा संगणकांतून. एकानें घडलेल्या गोष्टीचा पुरावा दिला, दुसऱ्यानें इच्छेचें चित्र काढलें. पाहणाऱ्याच्या डोळ्याला हा भेद कळण्याचा कांहीं मार्ग नाहीं. म्हणून तो भेद सांभाळण्याची सारी जबाबदारी दाखविणाऱ्यावर येऊन पडते.

या प्रश्नाचा निवाडा अमेरिकेंत फार पूर्वीं झाला आहे. तेथें १९५९ सालीं रॅपिड शेव्ह नांवाच्या दाढीच्या साबणाची जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखविली जात असे. सुतार वापरतात त्या खरखरीत कांचकागदावर साबणाचा फेस लावावयाचा आणि लगेच वस्तऱ्याच्या एका फटकाऱ्यानें तो गुळगुळीत करून दाखवावयाचा, असा तिचा थाट होता. चौकशींत निघालें कीं, तो कांचकागद नव्हताच. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर वाळू पसरलेली होती. खरा कांचकागद त्या साबणानें साफ होई, पण सुमारें ८० मिनिटें भिजत ठेवल्यावर! कंपनीचें म्हणणें असें कीं, खरा कांचकागद पडद्यावर साध्या रंगीत कागदासारखा दिसतो, म्हणून ही सोय केली. १९६५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हें म्हणणें फेटाळलें. तुम्ही हा पुरावा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत आहां, असें जेव्हां प्रेक्षकाला भासविलें जातें, तेव्हां न सांगतां दुसरीच वस्तु पुढें करणें ही फसवणूक होय, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच वेळीं न्यायालयानें एक समंजस भेदही मान्य केला. दिव्यांच्या उष्णतेनें आइसक्रीम वितळतें म्हणून त्याच्या जागीं कुस्करलेला बटाटा ठेवून एखाद्या कुटुंबाची मेजवानी दाखविली, तर तेवढ्यानें कोणी फसत नाहीं. पण तोच बटाटा दाखवून आमचें आइसक्रीम पाहा किती दाट, असें म्हटलें, तर मात्र तो अपराध होतो. युक्ति दोन्हीकडे एकच आहे. एकीकडे ती सजावट आहे आणि दुसरीकडे साक्ष.

आपल्याकडेही याचा विचार झालेला आहे. जाहिरातदारांनीं स्वतःवर बंधन घालण्यासाठीं १९८५ सालीं मुंबईस अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल ही संस्था स्थापन केली. पुढें २०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याखालीं केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुनः तोच गुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करतां येतो. २०२२ सालच्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणें जाहिरातींतील खुलासा स्पष्ट वाचतां येईल असा असावा लागतो, आणि मुख्य विधानाला छेद देणारा नसावा लागतो. पडद्याच्या तळाशीं मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, डोळा पोंहोंचण्यापूर्वीं पुसून जाणारी जी ओळ असते, तिनें कर्तव्य केल्याचा आव आणूं नये, हा त्याचा सरळ अर्थ.

पण कायदा नेहमीं घटनेच्या मागून येतो. आंखणी आधीं होते. म्हणून खरी जागा आहे ती स्टोरीबोर्डाच्या कागदावरच. जेथें खरें काय आणि घडविलेलें काय असे दोन रकाने आधींच आंखलेले आहेत, तेथें तिसरा एक रकाना आंखण्यास कितीसा वेळ लागणार? त्यांत प्रत्येक ट्रिकच्या दृश्यापुढें एवढेंच लिहावें: हें पाहून घेणारा वस्तूबद्दल काय समजेल, आणि तें खरें आहे काय? थेंबापासून पसरणारी हिरवी लाट ठेवावयाची असेल तर ती उघड उघड कवितेसारखी ठेवावी. थेंबांतून पक्षी उडावे, शेत गाऊं लागावें, म्हणजे तें स्वप्न आहे हें पाहणाऱ्याला कळेल. आणि नळ्यांचा गुण सिद्ध करावयाचा असेल तर फाळक्यांच्या वाटेनें जावें. एका खऱ्या शेतांत नळ्या घालाव्या, कॅमेरा पक्का करावा, आणि हंगामभर रोज ठरल्या वेळीं चित्रें टिपावीं. त्याला वेळ लागेल. पीक थोडें विरळ दिसेल, एखादी ओळ जळालेलीही दिसेल. पण तें पाहून जो शेतकरी पैसे मोजील त्याला पुढच्या वर्षीं तोंड दाखवितां येईल.

घरांतील वडील माणसांनाही यांत एक काम आहे. मुलें पडद्यावरची जाहिरात पाहून एखादी वस्तु मागतात तेव्हां नुसतें नाहीं म्हणण्यापेक्षां, यांतलें खरें काय टिपलें असेल आणि घडविलेलें काय असेल, हा खेळ त्यांच्याशीं खेळावा. सावली कोठें पडते, धूळ उडते कीं नाहीं, खालची बारीक ओळ काय म्हणते, हें शोधण्यांत मुलांना मोठी गोडी वाटते, आणि नकळत त्यांची नजर तयार होते. विद्येचा आनंदही बुडत नाहीं आणि फसगतही टळते.

‘संत ज्ञानेश्वर’ पाहावयास गेलेल्यांना दगडमातीची भिंत चालत नाहीं हें पुरतें ठाऊक होतें. आपण एक थोर कथा पाहावयास आलों आहों, आणि समोरचा माणूस ती मन लावून सांगत आहे, असा दोहोंमध्यें न लिहिलेला करार होता. त्या कराराच्या बळावर नगरच्या एका ख्रिस्ती घरांतला तरुण ज्ञानेश्वर झाला आणि भिंत चालूं लागली. तीस सेकंदांच्या जाहिरातींतही भिंत खुशाल चालवावी. मात्र ती भिंतच विकावयास काढली असेल तर ती किती दिवस उभी राहते, तेवढें खरें सांगावें.